आईच्या खोलीचं दार

बुधवार, ४ मार्च

आईने दार उघडलं नाही.

दुसरं काही लिहायला बसलो तरी हेच येतंय. ही, माझी बायको, गेली त्याला आज नऊ दिवस.

भर दुपारी हॉलमधल्या इन्व्हर्टरने पेट घेतला. मी तेव्हा एका शाळेत मुलांना शिकवत होतो — आग लागली की दार ओढून घ्या, बाहेर पडा, परत आत जायचं नाही! अग्निशमन दलात बावीस वर्षं हेच शिकवतोय. आईला तीन जिने उतरवणं हिला एकटीला जमणारं नव्हतं. आईला तिच्या खोलीत बसवलं, दार ओढलं, मदत आणायला खाली धावली. अगदी बरोबर केलं. मग परत का गेली?

शेजारच्या काकू जिन्यात होत्या. "थांब गं म्हटलं, तर म्हणाली, आलेच, एक राहिलंय."

काय राहिलं होतं गं? पर्स? फोन?

आमच्या पोरांनी आईला खिडकीतून शिडीवरून उतरवलं. ही पॅसेजमध्ये सापडली, आईच्या दाराशी. अंगावर भाजल्याची खूण नाही. धुरानेच गेली.

दार वाजवल्याचं आईनेच सांगितलं मला, हॉस्पिटलच्या बाकावर. "ती दार वाजवत होती रे. मी उघडलं नाही. गरम दार उघडायचं नाही, तूच सांगितलं होतंस ना?"

सांगितलं होतं. मीच!

शनिवार, ७ मार्च

दलाच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या मिळाल्यात. आईपुढे ताट ठेवतो, उचलतो. आज म्हणाली, "मीठ राहिलं वाटतं." मी मीठ आणून आपटलं.

सोमवार, ९ मार्च

मी घरात दोघींची कवायत घ्यायचो, घड्याळ लावून! धूर वर चढतो, म्हणून खाली वाकून, रांगत, भिंतीचा हात न सोडता दारापर्यंत. आई म्हणायची, "माझे गुडघेच वाकत नाहीत, तुझा हुकूम त्यांनाच सांग!" ही हसून हसून बेजार.

आणि मला टोमणा ठरलेला — "अहो, गावाला शहाणपण शिकवता, आधी आईंच्या दाराला खाली पट्टी बसवा!" नवी फरशी घातल्यावर दार घासायला लागलं, तेव्हा मीच रंधा मारला होता. जरा जास्तच, खाली फट राहिली. बसवतो म्हटलं, रविवारी. तोवर वेळ आलीच तर फटीत ओली चादर कोंबायची, असं फर्मान काढून मोकळा झालो.

दोन आठवडे हसू आठवत नव्हतं तिचं. आज ऐकू आलं.

गुरुवार, १२ मार्च

कामावर गेलो. भरतीच्या नव्या मुलांना शिकवत होतो — दाराला हाताची मागची बाजू लावून बघा. गरम असेल तर पाण्याची लाइन तयार असल्याशिवाय उघडू नका. हवा शिरली की आग भडकते, मग तुम्हीही गेलात आणि आतला माणूसही.

एक मुलगी उभी राहिली. "सर, पलीकडून कोणी दार वाजवत असेल तर?"

उत्तर येत होतं. वर्ग सोडून दिला.

घरी येऊन आईला म्हणालो, "तुझ्या जागी ती असती तर तिने उघडलं असतं."

जीभ कशी झडली नाही माझी! आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सोमवार, १६ मार्च

आई चार दिवस नुसत्या चहावर आहे. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही. असंच चाललं तर आई पण जाईल.

बुधवार, १८ मार्च

तपासणी करणाऱ्या साहेबांनी बोलावलं. आईच्या खोलीचं दार काढून आणलंय.

पॅसेजकडची बाजू काजळीने काळी ठिक्कर. खालची चार बोटं मात्र स्वच्छ, आणि तिथे आमची निळी चादर चिकटलेली. बाहेरून! साहेब म्हणाले, "भिजवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत ठासलीय. घाईतही नीट केलंय हो."

आईला वाकता येत नाही. हे हिला जिन्यात आठवलं. तेच 'एक' राहिलं होतं.

ती दार वाजवत नव्हती. चादर ठासत होती. दार उघडून आत गेली असती तर वाचली असती! पण धूरही आत गेला असता. म्हणून तिनेच उघडलं नाही. आणि मी त्या म्हातारीला काय काय बोललो.

गुरुवार, १९ मार्च

आईचे पाय धरले, सगळं सांगितलं. ती बराच वेळ माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "चादरीचं टोक आत आलेलं मी पाहिलं होतं रे."

"मग बोलली का नाहीस? दार वाजवत होती, असं का सांगितलंस?"

"पट्टी बसवायची तुझी राहिली होती ना."