चौकडीच्या कापडाची गोधडी

प्रिय बाबा,

आत्ताच तुमच्या कबरीवरनं घरी आले. सोनी मांडीवर हाय, आणि तिच्या लसीच्या फाईलीतलं कोरं पान काढून लिहायला बसले. चुका बघू नका हां, सातवीतच शाळा सुटली माझी. पण आज काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाय!

आज तुमचं वर्ष. रूथताई, आमच्या नणंदबाई, पेणवरनं आठ दिवस आधीच आल्या. म्हणाल्या, "बाबांचा आजा स्कॉटलंडचा. त्याच्या रीतीचं काहीतरी झालंच पाहिजे. कबरीच्या नवीन दगडावर आज्याचं चौकडीचं कापड अंथरू. आणि त्यांची ती पिशवीची पिपाणी!"

पिपाणी रोह्यात कुठून आणणार? ह्यांनी कासूचा सनईवाला गाठला, लग्नात खालूबाजा वाजवतो तो. त्याला मोबाईलवर पिपाणीचं गाणं ऐकवलं. तो म्हणाला, "वाजवीन की! पण नवरा कुठून निघनार?"

सगळे हसले. मला हसू येईना.

कारण कापड ट्रंकेत नव्हतंच, बाबा. तुम्ही गेलात तेव्हा मला सातवा लागलेला. माझ्या माहेरी, मिठागराकडं, बाळाच्या आज्याचं जुनं कापड त्याच्या गोधडीत घालतात, बाळाला ऊब लागते. म्हणून मी ते निळं-हिरवं कापड कातरलं आणि सोनीच्या गोधडीत शिवलं.

मला काय माहीत ते तुमचं नाय, तुमच्या आज्याचं? तुम्ही तर त्याच्यावर बसून वाल निवडायचात! आजा आला त्या बोटीची गोष्ट शंभर वेळा सांगितलीत, त्या कापडाचं एकदा सांगितलं असतं तर?

आठ दिवस ताई शोधत होत्या. मी पण शोधल्यासारखं करत होते, आणि गोधडीची चौकडी आत वळवून सोनीला गुंडाळत होते. लाज वाटते सांगायला. वाटलं, आधीच मी दुसऱ्या जातीची, दुसऱ्या देवाची. आता पोरीसकट माहेरी धाडतील. शेवटी ह्यांनी चौकडीची लुंगी आणली. "कोणाला कळतंय?" म्हणाले.

कबरीजवळ पाळकांची प्रार्थना झाली. सनई सुरू झाली आणि बाबा, काय वाजवली त्याने! अंगावर काटा आला! ताईंनी लुंगी उलगडली. तिच्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच. ती बघून ताईंचा चेहरा असा पडला की माझ्याच्यानं राहवलं नाय.

"थांबा ताई! कापड माझ्याकडं हाय."

सोनीला ह्यांच्याकडं दिलं आणि तिच्या अंगावरची गोधडी उलटून पुढं केली. "मी कातरलं. मला माहीत नव्हतं. उसवून देते, आजच देते."

ताईंनी गोधडी हातात घेतली. चौकडीवरनं बोट फिरवत राहिल्या. एका जागी थांबल्या. "हे रफू बाबांचं. विडीनं भोक पाडलं आणि आईच्या भीतीनं स्वतःच शिवलं." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काय गो मंगल, माझ्या बापाचं स्कॉटलंड कातरलंस?"

मी रडायलाच लागले. तर ताई हसतायत! "उसवलंस तर बघ. ट्रंकेत राहिलं असतं तर कसरीनं खाल्लं असतं." आणि स्वतःच्या हातानं गोधडी तुमच्या दगडावर अंथरली.

सोनीनं काय करावं? ह्यांच्या कडेवरनं उतरली, रांगत दगडाशी गेली, गोधडी धरली आणि ओढायला लागली! माझी हाय ती, मला द्या! पाळक पण हसले. सनईवाल्यानं बघितलं, आणि गाणं सोडून आपलं लग्नाचंच वाजवायला घेतलं. बाबा, कब्रस्तानात ताई टाळ्या वाजवत होत्या! ऐकलंत ना तुम्ही?

चहाला बसलो तेव्हा ताई म्हणाल्या, "पुढच्या वेळी विचार गो. आम्ही काय खातो तुला?"

तर बाबा, शब्द देते. या घरात आता भिऊन गप्प बसायची नाय. गोधडी विरेल तशी भोवतीनं नवीन ठिगळं लावीन, पण मधलं तुमचं तसंच ठेवीन, रफूसकट. आणि सोनीला बोटीची गोष्ट तिच्यावरच बसवून सांगीन. वाल निवडता निवडता.

तुमची सून,
मंगल