कावेची फुली

अण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षे होत आली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. पेन्शनीत निघालेल्या मास्तरणीला दुसरे काम काय, असे तुम्ही म्हणाला असता. काम आहे, म्हणूनच भांडते आहे.

ठाण्यात प्लेग येऊन गेला. ऊन आत यावे म्हणून कौले उतरवलेल्या घरांना कुलपे लावून लोक खाडीपलीकडे कळव्याच्या शेतांत झोपड्या घालून राहिले. काही परतले, काही तिकडेच राहिले, कायमचे. आता मरी ओसरली आणि म्युनिसिपालिटीने गाव पुन्हा उभे करण्याचा बेत आखला. बेत वाईट नाही, हे आधीच सांगते. गटारे बांधायची, विहिरी उपसायच्या, शाळा उघडायच्या, आणि ज्यांत माणूस उरले नाही अशी घरे पाडून कोंदट आळ्यांत वारा खेळवायचा. पाडायच्या घरांच्या दारांवर तांबड्या कावेने फुली मारायला कारकून फिरला. परवा सकाळी देवळाकडून येताना एका फुलीच्या दारापाशी मी थांबले, कारण त्या ओस घराच्या छपरातून चुलीचा धूर येत होता.

घर माझ्या जुन्या विद्यार्थिनीचे. नवरा प्लेगात गेला, घरात ती आणि सासू. मी कडी वाजवली, कोणी बोलले नाही. "अगं, मी शाळेतली बाई. दार उघड," म्हटल्यावर अडसर निघाला. तिला विचारले, कारकून आला होता का. म्हणाली, "आले होते, बाई. तीन हाका मारल्या. यांना जाऊन वर्ष व्हायचंय अजून, परक्या पुरुषाला ओ कशी देऊ?" आतून सासू म्हणाली, "मीच म्हटलं, गप बस, जातील." मी म्हटले, "गेलेच ते. आता पहारी घेऊन येतील." तिने बाहेर डोकावून दारावरची फुली पाहिली आणि पदर तोंडाशी नेला. तिला वाटले होते, औषध मारून गेल्याची खूण असेल.

त्या दिवशी मी दुपारपर्यंत फुलीची दारे वाजवत फिरले. पुरुषाने हाक मारली की जी घरे मुकी, ती बाईने हाक मारली की बोलत होती. माजघरांत बायका बसलेल्या, कुठे दोघी जावा, कुठे एकटी म्हातारी. आणि फिरता फिरता मला तुम्ही आठवत होता, अण्णा. मी दहा वर्षांची आहे. आई नाही, घरात माझ्याकडे बघायला कोणी नाही, म्हणून तुम्ही मला मुंबईला नन्सच्या शाळेत ठेवले आहे, आणि आपला अख्खा नौपाडा तुम्हाला नावे ठेवतो आहे. सुट्टीत मी तुमच्याबरोबर खानेसुमारीला, घरोघरची माणसे मोजायला निघाले आहे, हातात तुमची पितळी दौत. एका दारात तुम्ही हाक मारता. उत्तर नाही. तुम्ही पाटीवरचा कागद सारखा करता आणि टाक बुडवायला हात पुढे करता. मी दौत मागे घेते. "अण्णा, आत कोणीतरी जातं ओढतंय." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "दौत हाताने धरायची असते, तोंडाने नाही." मग घरापुढे लिहिता, रिकामे. जात्याची घरघर तुम्हालाही ऐकू येत होती. मी तुमच्या शेजारीच उभी होते.

काल कमिटीच्या सभेला गेले. दारातच एक सभासद म्हणाले, "बाई, बायकांना इथं बसायची जागा नाही." म्हटले, "बसायला कुठं आले? उभीच आहे." सरळ उभे राहून खणखणीत उत्तर द्यायचे मला नन्सनी शिकवले, आणि तिथे मला तुम्ही पाठवले, तेव्हा तक्रार तुमची तुमच्याकडे. मी फुलीच्या घरांची यादी वाचून दाखवली, प्रत्येक घरात कोण आहे ते सांगितले. अध्यक्ष वैतागून म्हणाले, "मग त्यांनी ओ का दिली नाही? कारकुनानं काय भिंतींतून बघायचं?" मी म्हटले, "रावसाहेब, दिवाळीत तुमचे भाऊ गेले तेव्हापासून तुमच्या भावजय माजघरात आहेत. तुम्ही इथं असताना कारकुनाला तुमच्या दारात पाठवून हाक मारायला सांगा. ओ आली नाही तर तुमचंही घर यादीत घालू." कोणीतरी खोकण्याच्या निमित्ताने हसले. रावसाहेब हसले नाहीत. यादी कारकुनाकडे सरकवत म्हणाले, "फुल्या पुसा. बाईंना बरोबर घेऊन पुन्हा फिरा." उद्यापासून निघायचे आहे. बरोबर तुमची तीच दौत नेईन. एकोणिसाव्या वर्षी माझे कुंकू गेले तेव्हा सगळे मला माजघरात बसवायला निघाले होते. तुम्ही तेराव्या दिवशी ही दौत माझ्या हातात दिली आणि मला मुलींच्या शाळेत शिकवायला नेऊन सोडले. त्या जात्याचा आवाज तेव्हा तुमच्या कानात होता का, हे मी विचारायला हवे होते. विचारले नाही.

भांडण इथेच संपले असते. पण निघताना रावसाहेब जिन्यापर्यंत आले. तरुणपणी ते तुमच्या हाताखाली होते. म्हणाले, "तुमचे वडील असते तर हे झालं नसतं. त्यांनी कधी जितं घर रिकामं लिहिलं नाही." सगळ्या सभेसमोर ज्या बाईची जीभ आवरली नव्हती, ती बाई तिथे दोन पायऱ्या खाली थांबली. मग मी म्हटले, "नाही लिहिलं."