एप्रिल-मेचा चार्ज

९ जानेवारी, गुरुवार

अर्ज करायचा. ठरलं!

मुख्याधिकारी साहेबांनी परिपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. नगरपरिषदांच्या अभियंत्यांसाठी जपानमध्ये सहा आठवड्यांचं प्रशिक्षण. पाणी, रस्ते, कचरा — ज्यानं त्यानं आपापल्या कामाचं शिकायचं. राज्यातून बाराजण. साहेब म्हणाले, "वर्षाराणी मॅडम, भरा. ना हरकत मी देतो."

वयाची अट पंचेचाळीसच्या आत. मला ऑगस्टमध्ये पंचेचाळीस पूर्ण होतात. म्हणजे यंदाच, नाहीतर कधीच नाही.

बांधकाम विभागातला बसवराजही भरतोय. त्याला नोव्हेंबरमध्ये पूर्ण होतात. आम्ही एकाच दिवशी रुजू झालो होतो, एकोणीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून सरळ बोलला असेल तर शपथ! आजही — "का ओ मॅडम, जपानला पाणी कमी पडून राहिलंय का?"

१२ जानेवारी, रविवार

अर्जातला शेवटचा प्रश्न : तुमच्या कार्यालयातली कोणती कामाची पद्धत तुम्ही आम्हाला दाखवाल?

तीन तास बसले. मोठे मोठे शब्द लिहिले, खोडले. शेवटी व्यंकटीबद्दल लिहिलं.

व्यंकटी आमचा व्हॉल्व्हमन. गावात पाणी तो सोडतो. जमिनीखाली पाइप कुठं फुटलाय हे शोधायला आमच्याकडं यंत्र नाही, व्यंकटी आहे. पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आधी निघतो. हातात लोखंडी सळई. एक टोक रस्त्यावर, दुसऱ्या टोकावर अंगठा, आणि अंगठ्याला कान. "चांगली लाइन गुणगुणते म्याडम, फुटलेली फुसफुसते." जिथं म्हणेल तिथं खोदायचं. दहात नऊ वेळा पाणी लागतंच. मी त्याच्यामागं फिरून शिकायचा प्रयत्न केला. मला अजून गुणगुणणंच ऐकू येतं.

दोन पानं झाली. एवढी वर्षं त्याच्या कानावर माझी नोकरी चाललीय आणि त्याच्यावर कधी एक ओळ लिहिली नव्हती.

१५ जानेवारी, बुधवार

स्कॅनर बसवराजच्या खोलीत. त्यानं पानं मशिनमध्ये घालायच्या आधी उभ्या उभ्या वाचली. शेवटची दोन परत वाचली.

"हे खरं हाय?"

"व्यंकटीला विचारा."

"आजपर्यंत तर कधी काय विचारलं न्हाई त्याला." मग हसला. "मी त्या प्रश्नाला नेटवरून उचलून टाकलंय. लई भारी इंग्रजी हाय. काय लिहिलंय ते मलाच कळंना."

पुढं टोमणा येईल म्हणून थांबले. आला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पासपोर्टची पोलीस चौकशी झाली. जमादार अर्धा तास बसले. पैकी पंचवीस मिनिटं त्यांच्या गल्लीत पाणी कमी दाबानं येतं यावर! उरलेल्या पाचात सगळं आटोपून दिलं. भला माणूस.

३ मार्च, सोमवार

निवड झाली! निवड झाली! निवड झाली!

साहेबांनी स्वतः पेढे आणवले. व्यंकटीला सांगितलं की तुझ्यावर लिहिलं म्हणून झालं. लाजला. "मंग आता सळई सरकारी खर्चानं द्या म्याडम, ही माझ्या घरची हाय."

बसवराजला विचारलं, "तुमचं?"

"सोडा ओ. पेढा द्या." दोन खाल्ले.

म्हणजे नाही झालं. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

एक अट आहे. १२ एप्रिल ते २४ मे मी नसणार. तेवढ्या दिवसांत माझा चार्ज याच कार्यालयातला कोणता अभियंता घेणार, त्याचं सहीचं संमतीपत्र २१ मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत पोहोचलं पाहिजे. नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला.

एवढंच ना! मिळेल कोणीतरी.

११ मार्च, मंगळवार

कोणी मिळत नाही.

दोष कुणाला देऊ? आत्ता गावाला सहाव्या दिवशी पाणी देतोय. मेमध्ये दहाव्या दिवशी. तेव्हा पाणीपुरवठ्याचा माणूस जेवायला बसला तरी फोन, आंघोळीला गेला तरी फोन. घागरी घेऊन बाया दारात येतात. त्यांचं चुकत नाही, पण ऐकून घ्यायला कोणीतरी लागतं.

विजेचं काम बघणारा ईश्वरप्पा हात जोडून म्हणाला, "ताई, दिवाळीत सांगा, दोन महिने घेतो. एप्रिल-मेत पाणी? त्यापेक्षा मला खांबावर चढवून खालून शिडी काढून न्या."

उरला बसवराज. ज्याची निवड झाली नाही त्याला कोणत्या तोंडानं म्हणू — मी जाते, तुम्ही माझ्या वाटच्या शिव्या खा?

१६ मार्च, रविवार

लेकीला, पुनमला, भेटायला लातूरला गेले; तिथं ती क्लाससाठी खोली घेऊन राहते. पोरगी भिंतीला चिकटवलेल्या तक्त्यांमध्ये दिसेनाशी झालीय. मेमध्ये तिची नीटची परीक्षा, आणि तेव्हाच मी परदेशात. रस्ताभर तेच डोक्यात. घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, जाऊ देते, चार्ज घ्यायलाही कोणी नाही.

सासूबाई — लक्ष्मीबाई त्यांचं नाव, गल्ली त्यांना बिचकते — शेंगा सोलत म्हणाल्या, "परीक्षा तिची हाय. तू काय पेपर लिहिणार हाईस का? मी जाते पंधरा दिस लातूरला, भाकरी थापायला. तू ते चार्जाचं बघ."

गुडघे धरून उठणारी ही बाई पंधरा दिवस एका खोलीत राहणार, माझ्यासाठी. आत जाऊन डोळे पुसले.

१९ मार्च, बुधवार

मेन लाइन फुटली. दिवसभर चिखलात. बसवराजनं जेसीबी पाठवला, न मागता. विचारायचं तोंडापर्यंत आलं. नाही विचारलं.

२१ मार्च, शुक्रवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या खोटं वाटेल.

तीन वाजता नकाराचा मेल लिहायला घेतला. 'अपरिहार्य कारणास्तव' इथपर्यंत आले होते. बसवराज दारात.

"चार्जाचं पत्र कुठंय?"

"कोणाच्या नावाचं करू? कोणी नाही."

"मी काय मेलो काय? एकाच भिंतीपलीकडं बसून राहिलोय. दहा दिवस वाट बघतोय, आज विचारतील, उद्या विचारतील. भलत्याच मानी हाव तुम्ही!"

म्हटलं, "एप्रिल-मे आहे, बसवराज."

"पंचांग मला बी कळतं."

सही केली. साहेबांची घेतली. स्कॅन करून पाठवलंही त्यानंच. चार वाजून दहा मिनिटं. जाताना म्हणाला, "व्यंकटीला सांगून ठेवा, माझं ऐकायचं म्हणून." दोन पावलं गेला, परत फिरला. "न्हाई, राहू द्या. मीच त्याचं ऐकतो."

एकोणीस वर्षं मी या माणसाला तिरसट समजत आले.

७ एप्रिल, सोमवार

चार्ज दिला. टाक्यांच्या किल्ल्या, वाटपाची वही, आणि कोणत्या गल्लीतून कोण फोन करतं त्याची यादी. बसवराजनं यादी वाचली. "ह्यातले निम्मे तर माझे पाव्हणेच हायत की!"

व्यंकटी सळई कागदात गुंडाळून घेऊन आला. "न्या संगं." विमानात चालत नाही म्हटल्यावर हिरमुसला. मग म्हणाला, "तिकडं लोखंड मिळतच असंल."

११ एप्रिल, शुक्रवार. मुंबई

उद्या विमान. आज सूचनांची बैठक झाली. कागद तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसचं नशीब बघा. निवड यादीत तुम्ही आणि प्रतीक्षा यादीत पहिले, तेही तुमचेच. बसवराज. एकवीस तारखेला पाचपर्यंत तुमचं पत्र आलं नसतं तर आज या खुर्चीत तेच असते. तीन मार्चलाच तसं कळवलं होतं त्यांना."

बाहेर येऊन फोन लावला.

"लवकर बोला मॅडम, तीन नंबरच्या टाकीचं पाणी सोडलंय."

"बसवराज, तुमचं नाव पहिलं होतं. तुम्हाला माहीत होतं."



"तुम्ही व्यंकटीचं लिहिलं होतं. मी नेटवरचं. जायचं कुणी, सांगा की!"

फोन बंद करायला विसरला. पलीकडून त्याचाच आवाज आला —

"व्यंकटी, कुठल्या बोटाला कान लावायचा म्हणालास?"