प्रुडन्सच्या मानेवरचं जू

विलामेट खोरं, ओरेगॉन
नोव्हेंबर १८५२

आदरणीय मामा,

तुम्हाला आणि मामींना तुमच्या जावयाचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे तुमची लेक लोव्हिना ठणठणीत, मीही बरा आहे, आणि प्रुडन्स गाईचं तर विचारूच नका. (खरोखरच विचारू नका. पण सांगणं भाग आहे.)

इलिनॉयहून निघताना तुम्ही ही गाय लेकीला दिलीत आणि अख्ख्या गावासमोर मला बजावलंत, "अमासा, हिच्या मानेवर जू दिसलं, तर तू माझा जावई नाहीस. मी स्वतः येऊन पोरीला घेऊन जाईन." मामा, ही अट मी पंधराशे मैल पाळली. मैदानात सरपण मिळेना तेव्हा रानगव्याच्या वाळक्या शेणावर पाव भाजले (पहिल्या दिवशी लोव्हिना ते शेण चिमट्याने उचलत होती, आठवड्याभरात शेजारणीशी त्यावरून भांडू लागली), पण प्रुडन्स मोकळीच चालत होती. मग स्नेक नदीकाठी आमचा ब्राइट बैल तिथलं खारं, विषारी पाणी प्यायला आणि बसला तो उठलाच नाही. मला फार वाईट वाटलं. गाडीच्या चारातले तीन बैल उरले. तांड्याचे कॅप्टन हायरम पीज म्हणाले, "गाय जुंप, नाहीतर मागे राहा. डोंगरातला बर्फ कुणाच्या सासऱ्याला विचारून पडत नाही."

मी गाडी हलकी केली. ऐरण टाकली, ओकचं कपाट टाकलं, तुम्ही दिलेले प्रवचनांचे सहा खंडही टाकले (अगदी जड मनाने, सगळ्यात आधी). तरी चढावर गाडी हलेना. शेवटी ब्राइटच्या जागी मी स्वतः मान दिली. त्याच्या जोडीच्या बकने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळा भार माझ्यावर सोडून दिला. पन्नासेक पावलं गेलो असेन. लोव्हिना शेजारून चालत होती. म्हणाली, "बाबांना दिलेला शब्द पाळताय ना? पाळा हो. मी विधवा झाले की कळवते त्यांना."

पुढचं सविस्तर लिहीत नाही. एवढंच लिहितो की प्रुडन्स डोंगर चढली. बकला तिने पहिल्याच वळणावर शिंगाने ताळ्यावर आणलं. संध्याकाळी दूध द्यायचीच, आणि गाडीखाली टांगलेल्या बादलीत साय टाकली की धक्क्यांनी आपोआप लोणी निघायचं. बर्फ पडायच्या दोन दिवस आधी आम्ही पलीकडे उतरलो. इथे गवत गुडघाभर आहे, छप्परही झालं आहे. आम्ही मजेत आहोत.

तुमचा (अजून तरी) जावई,
अमासा बर्डसॉल

ता. क. : खरं तर पत्र एवढ्यासाठीच, की ती अट मागे घेतल्याच्या दोन ओळी तुमच्या हाताने लिहून पाठवा. त्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ता. ता. क. : बाबा, मी लोव्हिना. यांनी पत्र बंद करायला माझ्याकडे दिलंय. अट मुळीच मागे घेऊ नका. जू मी ठेवलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा ठेवीन. स्वतः येऊन मला नेणार होतात ना? मग या. आईलाही आणा, मला तुमची दोघांची फार आठवण येते. मार्चमध्ये मला बाळ होणार आहे. तुम्ही वसंतात निघालात, तर पोचाल तेव्हा ते रांगत असेल.