मार्लेनचं स्टूल

पांपलमूस, मंगळवार, १२ जून १९८४

सल्ला मीच दिला होता, हे लिहूनच टाकते. माझी सुनंदा स्वेटरच्या कारखान्यात वीस मुलींच्या लाइनवर सुपरवायझर झाली, त्याला चार महिने झाले. त्यांतली ती मार्लेन रोज उशिरा येते, आणि काही सांगितलं की सगळ्यांसमोर "वी, मामां!" म्हणजे "हो, आई!" म्हणून खिदळते. मी सुनंदाला म्हटलं, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर उद्धट मुलीचं स्टूल काढून घ्यायच्या. दिवसभर उभी राहिली की जीभ आपोआप सरळ होते.

आज सुनंदाने स्टूल काढून घेतलं. मार्लेनने "मेर्सी, मिस," म्हणून आभार मानले आणि उभ्यानेच मशीन चालवू लागली. मग शेजारची उठली. मग तिच्या पलीकडची. दुपारपर्यंत सगळी लाइन उभी, एकोणीस स्टुलं रिकामी, आणि सगळ्यांची मशीनं चालू. मॅनेजर बघून गेला. उद्या सकाळी त्याने बोलावलंय ते सुनंदाला!

"आता काय सांगू त्याला, आई?"

तीस वर्षं मी ऑफिसातल्या कारकुनांना धाकात ठेवलं, आणि आज नुसती ताटं वाढायला घेतली. बेशरम पोरी! एका स्टुलासाठी एवढं? आणि मी तरी कशाला... छे.

सुनंदा जेवली नाही. माझ्या डोक्यातून ते स्टूल जात नाही. चौदा वर्षांची असताना माझंही काढून घेतलं होतं, सिस्टरला उलट उत्तर दिलं म्हणून. मी संध्याकाळपर्यंत उभी होते. वर्गातल्या एकीनेही मान वर केली नव्हती.