खांद्याचा अचूक रंग

२ जानेवारी
आज घडलं ते असं :
१. विद्यार्थ्यांच्या फिटनेस मासिकासाठी कॅमेरा आणि डिझाइनसाठी कॉम्प्युटरचा स्क्रीन निवडायचं काम माझ्याकडे आलं.
२. हात मी वर केला होता. बाकी कोणी केला नव्हता.
३. म्हणजे निवड एकमताने.
दुकानदार दोन कॅमेरे, दोन स्क्रीन तपासायला देतोय. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मुलगी जाहिरातीवर विसंबत नाही. रीतसर चाचणी घेणार.

४ जानेवारी
मॉडेल ठरली : माझी रूममेट, टोपणनाव पैलवान. वेटलिफ्टिंग करते. पंधरा तारखेला विद्यापीठाच्या संघाची निवडचाचणी आहे, त्यामुळे फॉर्मात. कव्हरवर येशील म्हटल्यावर चक्क लाजली. मग म्हणाली, बये, दहा मिनिटांत आटप, मला सराव आहे. दहा मिनिटं पुष्कळ.

५ जानेवारी
पुरली नाहीत. तुलना करायची तर प्रत्येक फोटोत वजन तेच आणि हात तसेच हवेत. पैलवान म्हणाली, अगं, रिकामी दांडी दे ना, फोटोत कुणाला कळतंय? मला कळतं. जिमचे सर दारातून ओरडले, फोटो काढतेस की तिचा जीव? त्यांना तांत्रिक बाजू समजावायला वेळ नव्हता.

६ जानेवारी, संध्याकाळ
मी फोकस तपासत होते. अजून थोडं धर म्हटलं. दांडी निसटून तिच्या खांद्यावर आदळली. कॅमेरा सुरक्षित. फक्त नोंद, निष्कर्षांवर परिणाम नाही.

१० जानेवारी
अनपेक्षित फायदा. पैलवानच्या खांद्यावरचा डाग मधे काळानिळा, कडेला पिवळट. रंग तपासायला याहून चांगला नमुना मिळणार नाही. एका स्क्रीनवर नुसता काळा ठिपका. दुसऱ्यावर पिवळी कडसुद्धा हुबेहूब. दुसरा पास. तिला बोलावून दाखवलं. म्हणाली, वा, माझ्यापेक्षा या स्क्रीनचीच काळजी घे. घेणारच आहे.

१२ जानेवारी
डॉक्टरांनी महिनाभर वजन उचलायला मनाई केली. निवड हुकली. आमची संपादकबाई म्हणाली, शाब्बास, फिटनेस मासिकाने पहिल्या अंकाआधीच खेळाडू आडवी पाडली. मी शांतपणे सांगितलं, चाचणी दरवर्षी असते. पैलवान म्हणाली, माझं हे शेवटचं वर्ष आहे. हे तिने आधी सांगायला हवं होतं.

१३ जानेवारी
पैलवान मावशीकडे राहायला गेली. हवापालट चांगला. अहवाल पूर्ण, एकही चूक नाही.

१९ जानेवारी
नवा कॅमेरा घेऊन जिममध्ये गेले. सगळ्या मुली एकजात पाठ फिरवून उभ्या राहिल्या. पाठींचे तपशील उत्तम आलेत.

२१ जानेवारी
खोलीत दुसऱ्या कॉटवर कॅमेऱ्याचे खोके ठेवले होते. आज उतरवले.
पैलवानला मेसेज लिहिला. लांबलचक, कारणांसकट. सगळा खोडला. पाठवला तो एवढाच :
परत येतेस का? सामान मी उचलेन. रविवारपर्यंत कळव.