पट्टीमागचा दिवा

३ तारीख, सोमवार

नवी वही, नवं गाव, नवी नोकरी! गॅरेज छोटं पण लखलखीत आहे. पाने मापाप्रमाणे भिंतीवर टांगलेले, फरशीवर तेलाचा डाग शोधूनही सापडायचा नाही. मालकांना सगळे काका म्हणतात आणि पुढच्या खिडकीत काकू बसतात. मी वायरिंगचा माणूस आहे हे कळल्यावर काकांनी माझ्याशी हात मिळवून झटका बसल्याचं नाटक केलं आणि माझं नाव 'करंट' ठेवलं. पोट धरून हसलो. असं हसून दोन वर्षं झाली असतील.

५ तारीख

एक निवृत्त पोस्टमन निळी गाडी घेऊन आले. स्टिअरिंगसमोरच्या मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा लागतो, ही तक्रार. मी चावी फिरवली. बाकीचे सगळे दिवे लागले, तो तेवढा नाही. बल्ब गेला असेल, म्हणालो. काकांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, डोळे घरी विसरलास का, चांगला लागलाय की! पोस्टमन हसले, मीही हसलो. माझ्यासमोर मात्र तिथे काळोख होता.

६ तारीख

स्कॅनरने दोष दाखवला: इंजिनच्या एका सेन्सरचा सिग्नल मधूनच तुटतो. म्हणजे गाडी चालता चालता बंद पडू शकते. त्या दोषाचा कोड मला पाठ आहे. मल्टिमीटर लावून वायर तसू तसू हलवत गेलो. ब्रॅकेटला घासून सोललेली जागा पाऊण तासात सापडली. फक्त पाऊण तास!

लिहूनच टाकतो. जुन्या गॅरेजात शाळेतल्या एक बाई हीच तक्रार घेऊन तीनदा आल्या होत्या. दोनदा मी नुसता कोड पुसून, दिवा विझवून गाडी परत दिली. तिसऱ्यांदा वैतागलो, मीटर उघडलं आणि आतून त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. आता लागणार नाही, म्हणालो. दादा, तुम्ही सांगितलंत म्हणजे काळजी मिटली, असं म्हणून त्या गेल्या. नवव्या दिवशी उतारावरच्या वळणावर त्यांची गाडी बंद पडली. मागून ट्रक येत होता.

मीटर कुणी उघडून पाहिलं नाही. मीही तोंडातून ब्र काढला नाही. नोकरी सोडली, बस.

१० तारीख

निळी गाडी गेली. दिवा विझला का, ते काकांना विचारावं लागलं. आता कुठल्याच गाडीतला तो दिवा मला दिसत नाही. आज चौकातला लाल सिग्नलही दिसला नाही. हिरवा दिसतो. एका सायकलवाल्याने शिव्या घातल्या, त्याचं काय चुकलं? थोडक्यात वाचला बिचारा.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे.

१२ तारीख

चहाची शेगडी बंद समजून हात टेकला. पेटलेली होती. ज्योत दिसलीच नाही. काकूंनी मलम लावलं, पेटत्या शेगडीवर कुणी हात ठेवतं का रे, म्हणाल्या. मला रडू आलं. त्यांना वाटलं, भाजल्यामुळे.

१४ तारीख

बाईंच्या नवऱ्याला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. मग फाडलं.

भित्रा आहे मी — भित्रा.

१५ तारीख, दुपार

निळी गाडी परत आली. दिवा पुन्हा लागतोय म्हणे. आत बसलोय, इंजिन चालू ठेवलंय. काकांना बोलावून आज सांगायचं. ठरलंय. आधी इथे लिहितो, म्हणजे पाय मागे —

काका ओरडत धावत येतायत. काकू बॉनेटकडे बोट दाखवतायत. बॉनेट स्वच्छ. निळं. काहीच नाही.

काच गरम लागतेय. वास येतोय — वायर जळाल्याचा —

दार उघडत नाही. लॉक अडकलंय. काका दगडाने काच —

बाईंनाही असंच. समोर काही नाही. काळजी मिटली म्हणून —

काका, ती पट्टी मीच —